पॉलिसी बदलली आहे, रागावू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आधी बातमी सांगते, मग बाबा, तुम्ही हवं तेवढं रागवा. आपली आरोग्यविम्याची पॉलिसी मी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, म्हणजे तिकडे हलवली. अर्ज जुनी पॉलिसी संपायच्या निदान 45 दिवस आधी करावा लागतो, त्यामुळे दिवाळीला येऊन सावकाश बोलू म्हटलं असतं तर मुदत गेली असती. ओटीपी आईने दिले. तिला ओरडू नका, मीच तिला काही बोलू नकोस म्हटलं होतं.

अप्पाकाकांना वाईट वाटेल, हे ठाऊक आहे. पण त्यांच्यावर माझा रोष नाही. पावसात भिजत हप्त्याची पावती घरी आणून देणारा एजंट आता कुठे मिळतो? त्यांनी तेव्हा जे सांगितलं तेही खरंच होतं, की या कंपनीचे शंभरातले नव्वदच्या वर क्लेम निकाली निघतात. फक्त 'निकाली' म्हणजे काय, ते आपण कोणीच विचारलं नाही.

चिपळूणला तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हाचं बिल मी परत काढून बघितलं. पॉलिसीत खोलीची मर्यादा रोजची 4000, आपली खोली 6000ची. (आई, तू खोली मागितलीस म्हणून नव्हे गं, दुसरी रिकामीच नव्हती.) वाढीव भाडं आपण भरलंच, पण त्याच हिशेबाने डॉक्टरांची फी आणि थिएटरचा खर्चही कंपनीने दोन तृतीयांशच दिला. पाटल्यांचा विषय मी काढणार नाही. पण तो क्लेम कंपनीच्या कागदावर 'दिला' असाच नोंदलाय. ज्या टक्क्यांवर आपण विसंबलो, त्यात आता आपणही एक आहोत. म्हणून या वेळी किती क्लेम दिले याच्याबरोबर, मागितलेल्या पैशांतले किती दिले तेही बघितलं.

दुसरा आकडा असतो इन्कर्ड क्लेम रेशो. शंभर रुपये प्रीमियममधले क्लेमपोटी किती गेले, ते त्यात कळतं. 2023-24 मध्ये फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांचा हा आकडा 65च्या आसपास होता आणि सरकारी कंपन्यांचा शंभराच्या वर. फार कमी असला तर कंपनीचा हात आखडता. वर्षानुवर्षं शंभराच्या वर राहिला तर आज ना उद्या प्रीमियम वाढणार. त्यातही मोठमोठ्या ऑफिसांच्या ग्रुप पॉलिसी मिसळलेल्या असतात, त्यामुळे घरगुती पॉलिसींचं वेगळं काढून बघावं लागतं. विमा लोकपालांच्या वार्षिक अहवालात कंपनीवार तक्रारी असतात, त्याही बघितल्या. मोठ्या कंपनीच्या तक्रारी जास्त असणारच, म्हणून ग्राहकांच्या संख्येने भागून.

सुपारी घ्यायला व्यापारी आला की तुम्ही त्याचा काटा आधी रिकामा तपासायचात, आणि मी पडवीच्या पायरीवर बसून तुमच्यासारखीच भुवई वर करायचे. तेच केलंय बाबा, दुसरं काही नाही.

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांना सरकार दरवर्षी 1 ते 5 तारे देतं. त्यात तक्रारी आणि योजना सोडून गेलेले लोक मोजतातच, पण मधुमेहवाल्यांची साखर आटोक्यात राहिली का, हेही मोजतात. आपल्याकडे आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, कंपन्यांचे आकडे छापते, पण ते पैशांचे, क्लेमचे नाहीतर तक्रारींचे. माणूस बरा राहिला का, हे कोणी विचारत नाही. ते मलाच विचारावं लागतं, म्हणून रोज रात्री फोन करून डोकं खाते.

नवीन पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा नाही. को-पे मात्र आहे, बिलाच्या पाचातला एक भाग आपला. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला त्याशिवाय कोणी घेईना. तो भाग मी बाजूला काढून ठेवलाय, त्याची चिंता नको. जुन्या पॉलिसीतली वर्षं धरली जातील, आधीच्या आजारांसाठी पुन्हा पहिल्यापासून थांबायला नको. आणि प्रीमियम जास्त म्हणून कुरकुरू नका, 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय. कॅशलेसच्या, म्हणजे जिथे कंपनी परस्पर बिल भरते त्या यादीतली चिपळूण-रत्नागिरीची हॉस्पिटलं मी स्वतः फोन करून विचारली. मुंबईची चारशे हॉस्पिटलं असून रात्री दोन वाजता गुहागरहून काय उपयोग?

आता ऐका. कार्डाची झेरॉक्स देव्हाऱ्याच्या खणात ठेवा, ट्रंकेत नाही. ट्रंकेची किल्ली वेळेवर कधी सापडली आहे? ॲडमिट झालात की 24 तासांच्या आत कंपनीला कळवायचं. ते आईने करायचं नाही, मला फोन करायचा, मी करीन. कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, असा 2024 पासून नियम आहे. तेव्हा आई, मागच्यासारखी कॉरिडॉरमध्ये उपाशी बसून राहू नकोस, काउंटरवर जाऊन विचार. बाबा सत्तरीपार आहेत, तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड आहे, खाजगी विमा असला तरी चालतं, आधार लागेल. आणि मी फॉर्मवर साखर, बीपी, स्टेंट सगळं खरं लिहिलंय. डॉक्टरांपुढे 'मला काही नाही हो' म्हणू नका, ते केसपेपरवर तसंच लिहितात.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? विहिरीवरून कळशी आणू नकोस, पंप कशाला बसवलाय. शृंगारतळीच्या मेडिकलवाल्याला मी महिन्याचे पैसे पाठवलेत, गोळ्या घरपोच येतील. बाबांना आंबोळ्या तीनच.

तुमची,
चिमी

ता. क. अप्पाकाकांना मी रविवारी फोन करते. तोवर बाबा, तुम्ही बाजारात त्यांना बघून रस्ता बदलू नका. नेहमीसारखा चहा घ्या, बिनसाखरेचा.