नावं न विचारलेल्या माणसांचे आभार
बीएएसएलपीची, म्हणजे वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीची, ४ वर्षं, शेवटच्या इंटर्नशिपसकट, काल संपली. नागपुरातल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

ऑटोवाले दादा, मे महिन्याच्या उन्हात थेरपीच्या खेळण्यांची पिशवी तुम्ही जिना चढून आणून दिलीत.

ताई, तुमचा लेक ‘काका’ला ‘ताता’ म्हणायचा. मी अजून शिकाऊ आहे हे ठाऊक असूनही तुम्ही त्याला दर मंगळवारी कामठीहून घेऊन आलात. जीभ मागून उचलायची, हे किती आठवडे चाललं! आरशासमोर पहिला स्वच्छ ‘क’ निघाला, तेव्हा तुम्ही माझाच हात घट्ट धरलात.

आजी, पक्षाघातानंतर तुम्हाला ‘पाणी’ म्हणता येईना, अभंग मात्र अख्खा म्हणायचात. पुस्तकातला अफेजिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्यावर शब्द न सापडणं, मला तुमच्या खाटेशी बसून कळला. शेवटच्या दिवशी तुम्ही हातात ठेवलेलं संत्रं मी घरी सगळ्यांना वाटून खाल्लं.