चिऊ, ती पेटी विमानाच्या दारात कुणाला देऊ नकोस

चिऊ,

आत्याकडे पोचल्याचं आईला कळवलंस, मला नाही कळवलंस. ठीक आहे, माझ्याच कर्माची फळं. फोन उचलत नाहीयेस म्हणून टाईप करतोय, मोठं होईल, विमानतळावर बसून वाच हवं तर, नाहीतर वाचूच नकोस पण निदान पेटीबद्दलचं तेवढं आत्ताच वाच.

आधी ते काल रात्रीचं. तुझ्या पेटीला, त्या टेबलावर खेळायच्या लढाईतल्या रंगवलेल्या बाहुल्यांच्या, मी हात लावायला नको होता. तू झोपलीस आणि मी आपला उघडून बघितली, सगळे ते हिरवे राक्षस बुडाच्या लोहचुंबकाने पत्र्याला चिकटून ताठ उभे, आजूबाजूला काहीच नाही, नुसती हवा, आणि माझ्या पोटात गोळाच आला की हे असं इंग्लंडात नॉटिंगहॅमपर्यंत कसं जाणार. म्हणून कापूस भरला. बबल रॅपही भरला. वाटलं सकाळी बघशील आणि म्हणशील बाबांनी केलं. आणि झाकण लागेना म्हणून दाबलं. तेव्हाच तो आवाज झाला, टक् असा, आणि मला कळलं होतं चिऊ, पण मी काही बोललो नाही, झाकण लावून झोपायला गेलो. ते जास्त वाईट केलं. त्या राक्षसाचा झेंडा मोडल्याचा तुला जेवढा राग आहे त्याच्यापेक्षा मी गप्प बसल्याचा असेल, माहितीये मला.

आणि गंमत बघ, गेली तीस वर्षं आपल्या गणपतीच्या कारखान्यातल्या पोरांना मीच ओरडतोय की टेकू द्यायचा तो पाटाला, हाताला नाही, सोंडेला नाही. मूर्ती बुडाशी घट्ट बसली पाहिजे आणि वरचं सगळं मोकळं, पेंढा भरायचा तो खोक्याच्या आणि मूर्तीच्या मध्ये, बोटांच्या मध्ये कोंबायचा नाही. अण्णांनी शिकवलेलं. एकदाच विसरलो होतो, तुझ्या जन्माच्या आधी, अमेरिकेची ऑर्डर होती, शाडूची दीड फुटी, मी भीतीने जास्तच कोंबलं, तिकडून फोटो आला, सोंड वेगळी. बोटीने जाते ती मूर्ती, चतुर्थीच्या कित्येक महिने आधी निघते, फोटो येईपर्यंत दुसरी पाठवायची सोयच नव्हती. तू लोहचुंबक लावून नेमकं तेच केलंस, बुडाशी धरलंस आणि वर हात लावू दिला नाहीस, म्हणजे माझंच शिकलीस, आणि मीच त्यात कापूस भरला. याला काय म्हणायचं.

बरं आता पेटी. मी ठरवलं होतं की सल्ला द्यायचा नाही, पण तरी.

पेटी चेक-इनमध्ये टाकू नकोस. तुला माहितीये, तूच मला सांगितलंस, तरी सांगतो. खाली सामानाच्या जागेत हवेच्या दाबाने काही होईल असं आईला वाटतंय, तसं नाही, तिथेही हवेचा दाब वरच्यासारखाच असतो. भीती आहे ती आपटण्याची. पट्ट्यावरून पडणार, त्याच्यावर दुसऱ्याची वीस किलोची बॅग पडणार, आणि तुझे ते सगळे फेविक्विकवर उभे आहेत. फेविक्विक ओढून निघत नाही पण आपटलं की काचेसारखं सुटतं. ज्यांना तू तो प्लॅस्टिक वितळवून जोडणारा पातळ गोंद लावलास ते टिकतील, कारण तिथे सांधाच उरत नाही. पण जुने, धातूचे आहेत ते जड आणि सगळे फेविक्विकवर. पेटीत ते खालच्या कप्प्यात ठेव, सुटलाच एखादा तर दुसऱ्याच्या डोक्यावर नको पडायला. आणि त्या मोठ्या यंत्रमानवाला एक लोहचुंबक पुरणार नाही, मी उलटा धरून बघितला होता (हो, तेही केलं), हळूहळू घसरतो. अजून दोन लाव. आत्याच्या कपाटावर लोहचुंबकांची उरलेली पट्टी आहे बहुतेक.

वजन आत्याकडे परत कर. आपल्याकडे ६ किलो ८०० ग्रॅम भरलं होतं, हातातल्या बॅगेला ७ धरतात साधारण, म्हणजे दोनशे ग्रॅम हातात. त्यात तू तो डबल टॉवेल घातलास तर गेलं. पहिल्या वेळी मी तो चकचकीत स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणला होता आणि एकही चुंबक चिकटेना, तू हसून हसून जमिनीवर बसली होतीस, आठवतंय? चांगल्या स्टीलला चुंबक धरत नाही हे मला ५६ व्या वर्षी कळलं. मग साधा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) आणला तर तो एक मिलीचा, चार कप्प्यांचे मिळून जवळजवळ दोन किलो नुसता पत्राच. शेवटी अर्ध्या मिलीचा कापून आणला तेव्हा जमलं. पत्रेवाला विचारत होता कसली पेटी, मी म्हटलं पोरगी लढाईला चाललीये.

एक्स-रेला ती पेटी काळा ठोकळा दिसणार, पत्रा आणि धातू, उघडायला लावतीलच. चिडू नकोस. झाकण तू स्वतः उघड, म्हणजे खालून वर, त्यांना उघडू देऊ नकोस. मोबाईलवर आतला फोटो तयार ठेव, म्हणजे खेळणी आहेत हे दाखवायला बरं. आई म्हणाली मूर्ती आहेत म्हणून सांग, पण कुऱ्हाडी घेतलेले हिरवे राक्षस बघून तो जवान म्हणेल कुठल्या देवाची मूर्ती. खेळणीच सांग. कटर आणि ब्लेड हातातल्या बॅगेत राहिलं नाहीये ना बघ, मोठ्या बॅगेत जाऊ दे. तो रंगाखालच्या अस्तराचा स्प्रे इकडेच राहू दे, तो विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, पेटणारा वायू असतो. रंगांच्या डब्या १२ मिलीच्या आहेत त्या चालतील, पण झाकणं घट्ट करून पिशवीत घाल, तुझ्या कॉलेजच्या बॅगेत तो निळा सांडलेला मी अजून विसरलो नाही.

आता मुख्य. विमान भरलेलं असलं की दारातच हातातल्या बॅगा मागून घेतात आणि खाली टाकतात. मामाचं झालं होतं. तेव्हा ती पेटी नुसती नेऊ नकोस, एका साध्या हलक्या सॅकमध्ये घाल, आणि बॅग मागितलीच तर पेटी बाहेर काढून कडेवर घे आणि रिकामी सॅक देऊन टाक. आधी चढ. वरच्या कप्प्यात ठेवायची तर सरळ, आडवी नको, आणि बसल्यावर लोक वरून आपल्या बॅगा कोंबतात तेव्हा लक्ष ठेव. सीटखाली बसली तर सगळ्यात छान. आणि चाकाच्या बॅगेत घालून फरफटत नेऊ नकोस, खांद्याला लाव. वडखळच्या खड्ड्यांत आपल्या मूर्ती जेवढ्या गेल्या असतील तेवढ्या पडून गेल्या नसतील, सततच्या हादऱ्यानेच सांधा सैल होतो.

पुन्हा लेक्चर झालं. सॉरी. तू काल म्हणालीस ना, "बाबा मी २३ वर्षांची आहे," ते डोक्यात आहे.

पण मला अजून ती माळ्यावर बसलेलीच दिसते. २६ जुलैच्या पावसात, २००५ ला, कारखान्यात पाणी शिरलं तेव्हा तुला तीन वर्षं पुरी होत होती, आईने तुला माळ्यावर बसवलं आणि आम्ही सगळे खालून मूर्ती वर देत होतो, ज्या शाडूच्या खाली राहिल्या त्या सकाळी चिखल झालेल्या, नुसते पाट तरंगत होते. तू रडली नाहीस. तू वर आलेल्या मातीच्या उंदरांची रांग लावत बसली होतीस. शे-दीडशे उंदीर, एकामागे एक. अण्णा म्हणाले ही सेनापती होणार. आई त्यांच्यावर चिडली होती की इथे संसार वाहून चाललाय आणि तुम्हाला चेष्टा सुचते.

मग पुढे तू आठ वर्षांची असताना तुला एक उंदीर रंगवायला दिला, कान गुलाबी केलेस आणि बाहेर एक थेंब जाऊ दिला नाहीस. तेव्हापासून मी मनात धरून होतो की आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, तुझ्याकडे जाईल. कधी बोललो नाही. आणि बारावीनंतर तू त्या तीन मिलिमीटर तोंडाच्या बाहुल्यांचे डोळे काढायला लागलीस तेव्हा मला खरं सांगतो राग यायचा, एवढा हात आणि तो राक्षसांवर. मग एकदा भिंग घेऊन बघितलं. लाल डोळा, त्यात पांढरा ठिपका, आणि शंभरातले सगळे एकाच बाजूला बघतायत. आम्ही डोळ्याची कड आधी काढतो, तू आधी ठिपका देतेस आणि मग चेहऱ्याच्या रंगाने कडेने आत येतेस, उलटं आहे पण एवढ्या लहानात तेच बरोबर. कारखान्यात सगळ्यांना दाखवला होता मी तो, तुला न विचारता नेला होता शर्टाच्या खिशात. तेव्हा नाही मोडला.

यावर्षी मूर्तींचे डोळे खालच्या आळीतल्या पोराकडून काढून घेतले. तुला आईने सांगितलं असेलच. मोतीबिंदूचं दिवाळीनंतर करू, घाई नाही, त्यासाठी तू तारीख बदलायचं काढू नकोस. हात थोडा थरथरतो तो उपासाने.

तिकडे गेल्यावर तुझ्या त्या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीचं ते मोठं दुकान आणि हॉल आहे ना तुझ्याच गावात, जिथे टेबलं मांडून लोक खेळतात, तिथे पहिल्याच आठवड्यात धावू नकोस, आधी कॉलेजचं बघ. म्हणजे जा. पण कुणीतरी बरोबर घेऊन जा, संध्याकाळी लवकर अंधार पडतो म्हणे. आणि तुझ्या खेळाच्या हिशोबाने दोन हजार पॉइंटची फौज एकदम टेबलावर काढू नकोस, आधी माणसं कशी आहेत ते बघ. ती पेटी टेबलावर ठेवून पाणी प्यायला जाशील तू, मी ओळखतो तुला.

दारात पेटी देऊ नकोस. बघ, परत आलं. आणि समजा द्यावीच लागली, काही इलाज नसला, तर देण्याआधी उघडून फोटो काढ, आणि पट्ट्यावरून घेतल्यावर तिथेच उघड, घरी जाऊन नाही. काही मोडलं असेल तर लगेच काउंटरवर लेखी द्यायचं, सात दिवसांच्या आत दिलं तरच ऐकून घेतात. मामाने दहाव्या दिवशी दिलं होतं. आणि रंगाच्या मेहनतीचे पैसे कुणी देणार नाही, नव्या पाकिटाची किंमत धरतील फार तर, तेव्हा मोडूच द्यायचं नाही हेच.

काल मला आईने विचारलं, तुम्हाला पेटीची एवढी काळजी आहे की पोरीची. मी म्हटलं पेटीची. पोरगी काय, बुडाशी घट्ट आहे.

झेंड्याचा तुकडा सापडला. कारखान्यात नाही, घरात, पलंगाखाली, टॉर्च लावून केरसुणीने हळूच ओढला. दोन तुकडे आहेत, झेंडा आणि काठीचा नखाएवढा बाकीचा. नुसता फेविक्विकने चिकटवू नकोस, परत तिथेच मोडेल, आत पितळेची बारीक तार घालावी लागेल, दोन्हीकडे सूतभर खोल भोक पाडून. तार मी दिलीये सोबत. मंग्या उद्या दुपारच्या गाडीने डोंबिवलीला येतोय, त्याच्याकडे पाठवतो, चारपर्यंत आत्याच्या दारात असेल. डबी हिंगाची आहे, धुतली तरी वास गेला नाही, चालवून घे. आत कापूस घातलेला नाही.

बाबा