पार्किंगचे काढलेले सिमेंटचे पत्रे फोडू नयेत, भरावातही घालू नयेत, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
गृहनिर्माण संस्था, नागाळा पार्क, कोल्हापूर

स.न.वि.वि.

रविवारी सकाळी दुचाकी पार्किंगच्या छताचे काम सुरू झाले. पावसाळ्याआधी नवे पत्रे घालायचे ठरले तेव्हा सभेत मीही हात वर केला होता. पण अकराच्या सुमारास खाली उतरले, तर माझ्या स्कूटरच्या सीटवर राखाडी पिठासारखा थर बसलेला. बोट फिरवले तर रेघ उमटली. ठेकेदाराचा पोरगा काढलेले पत्रे घणाने फोडत होता. त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि तोंडाला नुसता रुमाल होता. आपल्याच इमारतीतली दोन लहान मुले त्या तुकड्यांनी फरशीवर रेघोट्या ओढत बसली होती. मी मुलांना वर पाठवले आणि काम थांबवायला लावले. याची तक्रार आपल्याकडे आली असेलच.

हे पत्रे १९९१ साली, इमारत बांधली तेव्हाचे आहेत. त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असायचे. हल्ली बिनअ‍ॅस्बेस्टॉसचेही पत्रे मिळतात, पण नुसते बघून फरक कळत नाही. त्यामुळे तपासणी होईपर्यंत आपले पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचेच धरून चालावे. पत्रा शाबूत असतो तोवर हे तंतू सिमेंटमध्ये अडकलेले राहतात. पत्रा फोडला, कापला, ड्रिल मारले की ते सुटतात. केसापेक्षा कितीतरी बारीक असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथेच रुततात. त्यातून फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) असे आजार होतात आणि तेही बहुतेक वेळा २० ते ४० वर्षांनी. तो घण मारणारा पोरगा फार तर बावीस वर्षांचा असेल, म्हणून मला जास्त लागले.

तुकडे गेटजवळच्या खड्ड्यात मुरमाऐवजी घालायचे ठरले आहे, असे ठेकेदार म्हणाला. कृपया हे अजिबात करू नये. तो खड्डा ड्रेनेजसाठी दोनदा उकरलेला आपण सर्वांनी पाहिला आहे, पुन्हाही उकरला जाईल. शिवाय रोज गाड्यांच्या चाकाखाली तुकड्यांचे पीठ होत राहील. घंटागाडीत टाकले, तर ते कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर जातील आणि तिथे कचरा वेचणाऱ्या बायका ते हाताने चाळतील. भंगारवाल्याला दिले, तर कुणाच्या तरी गोठ्यावर चढतील. मागच्या कंपाऊंडला लावून ठेवायचीही सोय नाही, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिथे कमरेएवढे पाणी होते.

मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. २००५ च्या पुरानंतर आमच्या गावाकडच्या घराचे पत्रे मी स्वतः माणसे लावून फोडून घेतले आणि परड्यातल्या खड्ड्यात टाकले. तेव्हा मला काहीच माहीत नव्हते. आज ते परडे आठवले की जीव कासावीस होतो.

अजून बावीस पत्रे छतावर शाबूत आहेत. ते काढताना आधी पाण्याने भिजवावेत, पाण्यात थोडी कपड्याची पावडर घातली की ते चांगले मुरते. गंजलेले हुक सैल करून पत्रा अख्खा सोडवावा, दोघांनी धरून खाली घ्यावा, वरून टाकू नये. कटर, ग्राइंडर नको. कामगारांना रुमाल नव्हे, बारीक धूळही अडवणारे एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचे मास्क द्यावेत आणि अंगावरचे कपडे न झटकता वेगळे धुवायला सांगावे. फुटलेल्या सहा पत्र्यांचे तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळावेत, चिकटपट्टीने बंद करावेत आणि वर मोठ्या अक्षरात ‘अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नये’ असे लिहावे. पार्किंग झाडूने मुळीच झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे आणि ती फडकीही त्याच प्लास्टिकमध्ये घालावीत. जिन्यामागचा जुना सिमेंटचा पाइपही याच जातीचा वाटतो. त्याला सध्या हात लावू नये.

राहिली विल्हेवाट. अ‍ॅस्बेस्टॉसचा टाकाऊ माल २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे आणि असा कचरा शास्त्रशुद्ध पुरणारे केंद्र पुण्याजवळ रांजणगावला आहे. उद्योग भवनातल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र देऊन पुढची वाट विचारावी. पत्राचा मसुदा मी करून देते आणि दोन्हीकडे स्वतः जाऊन पोच घेऊन येते. उत्तर येईपर्यंत गुंडाळलेले पत्रे गच्चीवरच्या बंद खोलीत ठेवता येतील. खर्च वाढेल हे मला माहीत आहे. माझा जो काही वाटा येईल तो मी आगाऊ भरते.

ठेकेदार उद्या सकाळी आठला पुन्हा येणार आहे. तोपर्यंत त्याला आपला निरोप जावा, एवढी विनंती. मी साडेसातपासून खाली थांबते. पाण्याची नळी माझ्या घरून देईन.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. २०४