कोरीव फूल आधी ओळखा, मग दुरुस्त करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत झिजलेले कोरीव फूल दिसले की त्यावर सिमेंट थापून आठ पाकळ्यांचे ठरावीक कमळ काढले जाते. कंत्राटात ‘नक्षीकाम, इतके नग’ एवढेच असते. फूल कुठले, हे विचारायचे कुणी?

फूल बदलले की अर्थ बदलतो. कमळाची खूण मधल्या कर्णिकेत: सपाट माथ्याचा उलटा शंकू, त्यावर बियांची भोके. पान गोल, अखंड, देठ मधोमध. चिखलात उगवूनही न माखणारे, म्हणून ते लक्ष्मीचे आणि बुद्धाचे आसन. कमळासारख्याच दिसणाऱ्या कुमुदाला (वॉटर लिलीला) असा शंकू नसतो आणि पान देठापर्यंत चिरलेले असते. प्राचीन इजिप्तच्या कलेतले ‘कमळ’ म्हणजे बहुधा निळे कुमुद. ते सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते, म्हणून सूर्याचे आणि पुनर्जन्माचे चिन्ह ठरले. आपले कमळ तिथे पोचले ते इराणी अमलात. खांबांच्या माथ्यावरचा अकँथस तर फूलच नव्हे. ग्रीकांच्या करिंथ शैलीतून आलेले ते काटेरी कडांचे पान. त्याची टोके गोल केली की सरळ कोबी होतो, आणि असे कोबी शहरात कमी नाहीत!

म्हणून आधी सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उजेडात फोटो घ्यावेत. डोक्यावरच्या उन्हात शिरा दिसत नाहीत. त्याच रांगेतले शाबूत फूल शोधून त्याचा साचा काढावा. भरायला एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग त्याच दगडाची चाळलेली पूड. एक थर 10 मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर तडकतो. वर आठवडाभर ओले गोणपाट. ऐन पावसात हे काम काढूच नये, चुना नीट धरत नाही. सिमेंट मऊ दगडापेक्षा कडक. आत मुरलेले पाणी ते बाहेर पडू देत नाही, मागे क्षार साचून फुगतात आणि काही पावसाळ्यांत पाकळी मूळ दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटते. ऑइलपेंटनेही ओल अशीच कोंडते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरच्या कोरीवकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. असे काम पुन्हा होणे नाही. वारसा इमारतींच्या निविदेत प्रत्येक फुलाचे नाव, जागा आणि दुरुस्तीआधीचा फोटो जोडणे सक्तीचे करावे, आणि त्याशिवाय बिल मंजूर होऊ नये.

– वास्तुशोभेचा एक अभ्यासक, गिरगाव, मुंबई