‘तुराटी’ हा शब्द तसाच ठेवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, हे आत्याने पाठवलेली पाच किलो तूरडाळ तुम्ही परत केलीत तेव्हाच कळलं होतं. वर मलाच दम दिलात, की पुन्हा असलं काही घेऊन आलात तर बघा. मधे अमरावतीला काम निघालं म्हणून तुमच्या पोलीस ठाण्यात डोकावलो, तर तुमची बदली झालेली. कुठे, ते कोणी नीट सांगेना. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. तुमच्यापर्यंत पोचलं तर पोचलं.

मी कोण ते आठवावं म्हणून सांगतो. तुम्ही आत्याचा जबाब घ्यायला अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात आलात, तेव्हा वॉर्डात तिच्या खाटेशी उभा राहून तिच्याआधी उत्तरं देणारा तो भाचा. तुम्ही दोन वेळा ऐकून घेतलंत. तिसऱ्या वेळी पेन खाली ठेवून म्हणालात, “दादा, मार तुम्हाला लागलाय की यांना?” बाजूच्या खाटेवरची बाई हसली. मी बाहेर जाऊन चहा प्यालो. त्या वेळी तुमचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

त्याआधीचे तीन दिवस आमचे कसे गेले ते तुम्हाला फारसं माहीत नसेल, कारण तुम्ही विचारलंत तेवढंच आत्याने सांगितलं. २०२४ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती. आत्याच्या दिराने धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरायला घेतला. विधवा बाईचं साडेतीन एकर, पोरगा नाही, मग दर वर्षी नांगराच्या एक-दोन तासांएवढं आत सरकायचं, ही आमच्याकडची रीतच. या वर्षी आत्या आडवी गेली आणि त्याने काठी घातली. हात सुजून पाव झालेला असताना ती आमच्या भागातल्या ठाण्यात गेली. ते ठाणं कोणतं, ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी खुर्चीवरून न उठता निकाल दिला: “हे दिवाणी आहे बाई. मोजणी आणा, कोर्टात जा.” त्यांच्या डोक्यामागे नव्या कायद्यांचं रंगीत पोस्टर होतं. १ जुलै २०२४ पासून काय काय बदललं, नागरिकांचे हक्क कोणते, सगळं मोठ्या अक्षरांत. पोस्टर नवं कोरं होतं, कोपऱ्यातली चिकटपट्टीसुद्धा सुटली नव्हती.

फार विनवण्या केल्या तेव्हा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली. आमच्या गावात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही मारहाण, शिवीगाळ, धमकीचे तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा हे आकडे पाठ आहेत. आता त्यांचे नंबर बदललेत, पण अर्थ तोच: घरी जा. दवाखान्यात पाठवायचं पत्रसुद्धा दिलं नाही. तिसऱ्या दिवशी अमरावतीला एक्स-रे काढला, तर मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडलेली. मोडलेलं हाड म्हणजे कायद्यात गंभीर दुखापत, सात वर्षांपर्यंतची शिक्षा, आणि गुन्हा दखलपात्र. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. पण हाड मोडलंय का हे बघायला त्या ठाण्यातून कोणी उठायला तर हवं!

त्या दिवशी तिथे घेतलेला तिचा जबाब नंतर मी पाहिला. दहा ओळी. ‘सदर इसमाशी शेतीच्या बांधावरून शाब्दिक बाचाबाची होऊन किरकोळ झटापट झाली.’ खाली नेहमीचं शेपूट: ‘वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ आणि त्याखाली आत्याचा अंगठा. मॅडम, जिला वाचता येत नाही म्हणून अंगठा घेतला, तिनेच ‘वाचून पाहिला’!

आता तुमच्याकडे येतो.

मी चहा पिऊन परत आलो तेव्हा तुमचं लिहून झालं होतं. मला वाटलं, आता अंगठा घेणार आणि जाणार. तर तुम्ही स्टूल खाटेच्या उशाकडे ओढलंत. आत्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे तेवढ्या वेळात तुमच्या लक्षात आलं होतं, म्हणून फिरून उजव्या बाजूला बसलात. आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागलात. सावकाश. दर दोन वाक्यांनी थांबून विचारत होतात, “असंच झालं ना? हे तुमचंच बोलणं आहे ना?”

‘बांध’ या शब्दावर आत्या अडली. “बांध नाई वं माय, धुरा.” तुमची बोली आमच्याकडची नाही, सातारा-सांगलीकडची असावी. तुम्ही विचारलंत, “धुरा म्हणजे बांधच ना?” ती म्हणाली, “हो, पन म्या धुरा म्हनलं.” तुम्ही बांध खोडून धुरा लिहिलंत आणि खाडाखोडीशेजारी तिचा अंगठा घेतलात. पुढे हात मोडल्याचं आलं. तुम्ही लिहिलं होतं, ‘काठीने मारून हात फ्रॅक्चर केला.’ आत्या गप्प. मग म्हणाली, “मले नाई समजलं ते. म्या म्हनलं, कटकन वाजलं, तुराटी मोडते तसं.”

तुराटी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही नुसता हात वर केलात, माझ्याकडे न बघता. आत्याने सांगितलं: तूर काढून झाली की उरते ती वाळकी काडी, चुलीत घालतो, कुडाला लावतो. ते ऐकून तुम्ही ते वाक्य तिच्या तोंडचं जसंच्या तसं फिर्यादीत लिहिलंत. आणि आधीचं ते सुद्धा: “म्या हात जोडून म्हनलं, भाऊजी, धुरा नोका कोरू.”

आत्या तीन दिवसांत पहिल्यांदा तेव्हा रडली. हाताचं दुखणं नव्हतं ते.

बाकी तुम्ही जे केलंत त्याची यादी मी करत नाही. हद्द तुमची नसताना शून्य नंबरने गुन्हा घेतलात, प्रत दिलीत, सगळं मान्य. पण ते कायद्यात आहे आणि कधी ना कधी कुणाकडून तरी भांडून मिळवलं असतं. उजव्या कानाशी ओढलेलं ते स्टूल भांडून मिळत नाही.

जिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं, एवढा वेळ कशाला घालवलात. तुम्ही घाईत होता, तरी उत्तर दिलंत. प्रशिक्षणात एका न्यायाधीशांनी तुमचा तास घेतला होता, तो किस्सा सांगितलात. एका बाईच्या फिर्यादीत लिहिणाऱ्याने आपलं साहेबी मराठी घातलं. दोन-तीन वर्षांनी ती साक्षीला उभी राहिली. उलटतपासात वकिलाने विचारलं, “सदर इसम म्हणजे काय? बाचाबाची म्हणजे काय?” तिला सांगता येईना. “म्हणजे हे तुम्ही पोलिसांना सांगितलंच नव्हतं?” ती खरं बोलली: “नाही.” तिथेच खटला ढिला झाला. न्यायाधीश म्हणाले होते म्हणे, की ती बाई खरं बोलत होती हे मला दिसत होतं, पण समोरच्या कागदावर दुसरंच कोणी बोलत होतं.

त्या न्यायाधीशांचेही आभार माझ्याकडून पोचवा, भेटले तर. पोलिसांनी नाशिकला शिकायचं, न्यायाधीशांनी उत्तनला, वकिलांनी सीनियरच्या फायली वाहता वाहता, आणि तिघांनी एकमेकांना बघायचं ते थेट कोर्टात, तेही एकमेकांच्या चुका काढताना. त्यात एक न्यायाधीश उठून तुमच्या वर्गात येतो आणि तुमचा कागद माझ्या टेबलावर आल्यावर काय होतं ते सांगतो, यासारखं शिक्षण नाही. कायदे बदलले तेव्हा जो तो आकड्यांच्या मागे लागला. तीनशे दोनचं एकशे तीन झालं, चारशे वीसचं तीनशे अठरा. आमच्या कोर्टासमोर तर जुने-नवे नंबर शेजारी शेजारी छापलेले तक्ते विकायला आले होते. मीही एक घेतला, अजून काचेखाली आहे. पण फिर्याद वाचून दाखवायची, हे त्या तक्त्यात कुठे बदललेलं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होतं, इंग्रजाच्या १८९८ च्या संहितेतही होतं. सव्वाशे वर्षांचा नियम, आणि मी कोर्टासमोर बसून तो पाळलेला पहिल्यांदा तुमच्याकडून पाहिला.

हो, मी कोर्टासमोरच बसतो. तेरा वर्षं झाली, कडुलिंबाखाली माझं टायपिंगचं दुकान आहे. लोक येतात, सांगतात, मी ‘वरील विषयास अनुसरून’ करून देतो. इथे एक कबुली द्यायची आहे, म्हणून हे पत्र इतके महिने रखडलं. त्या एनसीच्या रात्री मी संतापून पोलीस अधीक्षकांना अर्ज टाइप केला होता. तुमची जिन्यातली गोष्ट ऐकून घरी गेलो आणि तो अर्ज काढून पाहिला. दुसऱ्याच ओळीत मी लिहिलं होतं, ‘क्षुल्लक कारणावरून वाद उपस्थित करून’. आत्याचं साडेतीन एकर, तिचा धुरा, नवरा गेल्यावर बावीस वर्षं एकटीने राखलेला, आणि मी त्याला क्षुल्लक लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. बोटांना सवय, तो शब्द आपोआप उमटतो. तो अर्ज मी तिला वाचून दाखवला नव्हता. त्या साहेबांना इतक्या शिव्या घालून झाल्यावर हे सापडलं.

एका बाबतीत माझं तुमच्याशी अजूनही पटत नाही, तेही लिहितो. दिराला अटक न करता नुसती नोटीस निघाली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, तसा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार प्रकरणातला निकाल आहे, हे तुम्ही मला फोनवर नीट समजावलंत. समजलं. पण तो माणूस दुसऱ्या दिवशी पारावर बसून तंबाखू मळत होता आणि आत्याला त्याच्यासमोरून पाण्याला जावं लागत होतं, हे कोणत्या वर्गात शिकवतात ते मला माहीत नाही. तपासही पुन्हा त्याच ठाण्याकडे गेला. मात्र या वेळी तेच साहेब घरी आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत, उभ्यानेच जबाब घेतले आणि, तुम्हाला हसू येईल, शेवटी वाचून दाखवले. चष्मा विसरले होते, म्हणून अडखळत.

खटला चालू आहे. आत्याची साक्ष अजून व्हायची आहे. हात जुळला, पण पीळ राहिलाय. विळा धरता येतो, घागर नाही. मोजणीची तारीख दोनदा पुढे गेली.

तुम्ही दिलेली फिर्यादीची प्रत तिने रेशनकार्डाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलीय. कोणी पाव्हणा आला की डबा निघतो आणि मला बोलावणं येतं, वाचून दाखव म्हणून. ती डोळे मिटून उजवा कान माझ्याकडे करून ऐकते. परवा दुकान उघडायची घाई होती, म्हणून मधलं एक पान भरभर उरकलं आणि शेवटच्या ओळीवर आलो. तिने डोळे उघडले.

“तुराटी रायली नं बाबू,” म्हणाली. “माघारी जाय. तिथून वाच.”

आपला,
आत्याचा भाचा