गैरसोप्पाची पत्रं वर आली, खलाशांची नावंही येऊ द्या

मा. केंद्रीय बंदरे आणि जहाजवाहतूक मंत्री यांस,

साहेब, नमस्कार. गिरसप्पाचा धबधबा आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहितीये, पण त्याच नावाची एक आगबोट होती हे कुणाला फारसं माहीत नसतं. एसएस गैरसोप्पा, ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९१९ ची मालवाहू बोट. डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून निघाली, पोटात चांदी, चहा, कच्चं लोखंड आणि इथून परदेशात जाणारं टपाल. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून, युद्धात एकत्र जाणाऱ्या बोटींच्या ताफ्यात सामील झाली, पण समुद्र खवळलेला, कोळसा पुरेना, म्हणून ताफा सोडून एकटीच आयर्लंडकडे वळली आणि १७ फेब्रुवारी १९४१ ला जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. बोटीवर साधारण ८५ माणसं, त्यातले बहुतेक आपले खलाशी. एक होडी तेरा दिवसांनी इंग्लंडच्या लिझार्ड किनाऱ्याला लागली, तिथल्या लाटांमध्ये उलटली आणि शेवटी जिवंत राहिला तो एकच, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स.

२०११ मध्ये बोट सापडली, ४७०० मीटर खोल. शंभर टनाहून जास्त चांदी वर काढली, आणि सोबत सातशेहून जास्त पत्रं! कागद इतकी वर्षं पाण्यात टिकला कारण गठ्ठे एकावर एक दाबलेले, वर गाळ, उजेड नाही आणि थंडी प्रचंड. मला तर ते वाचून अंगावर काटाच आला. लंडनच्या पोस्टल म्युझियमने ती २०१८ मध्ये लोकांना दाखवली. त्यात इथून लिहिलेल्या ख्रिसमसच्या शुभेच्छा आहेत, आणि मुलीने लग्नाला होकार दिला म्हणून हरखून गेलेल्या एका शिपायाचं पत्रही आहे.

माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, आगबोटीवर बंकरमधून, म्हणजे कोळशाच्या कोठारातून, कोळसा ओढायचे. दुसऱ्या बोटीवर, पण काम तेच. त्यांची पत्र्याची पेटी अजून घरात आहे, तळाशी मनीऑर्डरीची एक पावती, मागे पेन्सिलीने कुणीतरी घराच्या कौलांचा हिशोब मांडलेला. एवढ्या एका कागदावरून आम्हाला ते माहीत आहेत. गैरसोप्पाच्या सारंगाच्या (खलाशांच्या मुकादमाच्या), भट्टीवाल्याच्या घरी तेवढंही असेल का?

लिझार्डजवळच्या चर्चच्या आवारात त्या होडीतल्या एका भारतीय खलाशाची कबर आहे, नाव नसलेली. आणि दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्या जवळजवळ ६००० व्यापारी खलाशांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये एका पुस्तकात आहेत, रोज हजारो लोक त्या स्टेशनवर उतरतात पण कुणाला पत्ता नसतो.

साहेब, माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. त्या पुस्तकातली नावं बोटीप्रमाणे लावून मराठीत, बंगालीत, उर्दूत ऑनलाइन टाका, म्हणजे रत्नागिरीतल्या किंवा चितगावच्या कुणा पणतूला आपलं माणूस शोधता येईल. आणि लंडनशी बोलून त्या पत्रांच्या प्रती मुंबईच्या जीपीओत महिनाभर तरी लावा, शेजारी या खलाशांची यादी लावा. भिंत कुठली द्यायची ते तुम्ही ठरवा, नावं टाइप करायला मी रविवारी येईन.

आपला नम्र,
एका कोळसेवाल्याचा पणतू