फोन बदलू की बॅटरी?

प्रिय मित्रा,

परवा तू तुझा नवाकोरा फोन माझ्या हातात ठेवलास आणि म्हणालास, "नीट बघ, मग बोल." मी बघितला, पण बोललो काहीच नाही. तोंड उघडलं असतं तर "उद्याच घेतो" एवढंच बाहेर पडलं असतं. आता आठवडा उलटलाय, डोकं ठिकाणावर आलंय, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. फोन करूनही सांगता आलं असतं, पण माझा फोन बोलणं संपेपर्यंत तग धरेल याचा भरवसा नाही, आणि पत्राचा विषयही तोच आहे.

आधी कबुली देऊन टाकतो. तुझा फोन माझ्या डोळ्यांत भरला. पडद्यावरून बोट फिरवलं की मजकूर बोटाला चिकटल्यासारखा सरकतो. तुझा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतो, माझा ६० वेळा. हा आकडा पूर्वी ऐकला होता तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण तुझा फोन तुला परत केला, माझा हातात घेतला आणि मजकूर अडखळत चाललाय असं वाटायला लागलं. चार वर्षांत जे एकदाही खटकलं नव्हतं ते दहा मिनिटांत खटकलं! गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पुन्हा दिसेनासं झालं. डोळे बिचारे समजूतदार असतात.

त्यावरून मला एक उद्योग सुचला. हसू नकोस. एका कागदाची घडी करून ती फोनच्या कव्हरमध्ये सरकवली आणि ठरवलं, आठवडाभर फोन जेव्हा जेव्हा दगा देईल तेव्हा त्यावर लिहायचं. फक्त दगा. "त्याच्याकडे आहे नि माझ्याकडे नाही" असली नोंद बाद.

आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. सात बॅटरीच्या, दोन "जागा शिल्लक नाही" अशा, एक हललेल्या फोटोची. अकरावी घाईघाईत लिहिलेली, ती मलाच लागत नाही.

म्हणजे माझं दुखणं फोनचं नाही, त्याच्या पोटातल्या एका पातळ पुडक्याचं आहे. त्यातली एक नोंद सांगतो. बॅटरी २३ टक्के दाखवत होती. मी कॅमेरा उघडला, फ्लॅश लावला, बटण दाबलं आणि पडदा काळा. परत चालू केला तर म्हणतो १९ टक्के. म्हणजे बॅटरी संपली नव्हती, तरीही फोन बंद पडला. शोधलं तेव्हा कारण कळलं. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी झाली की तिच्यात चार्ज कमी मावतोच, शिवाय तिच्या आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, तोही वाढतो. कॅमेरा आणि फ्लॅश एकदम भरपूर करंट ओढतात, तेवढा देताना व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत तर हे जास्तच होतं. टाकीत पाणी आहे, पण नळ गंजलाय, असा प्रकार.

तुला २०१७ सालचा तो गदारोळ आठवतो का? जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरनेच कमी केला जातोय हे त्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केलं होतं. लोक म्हणाले, नवा फोन खपवायचा डाव आहे. कंपनी म्हणाली, थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं. मी तेव्हा पहिल्या गटात होतो. आता २३ टक्क्यांवर काळा पडलेला पडदा बघितल्यावर दुसऱ्या बाजूचंही थोडं पटतं. न सांगता केलं ही मात्र लबाडीच, त्यावर मी ठाम आहे. त्या प्रकरणातून निघालेली कामाची गोष्ट वेगळीच होती. ज्यांनी नुसती बॅटरी बदलली त्यांचे फोन पुन्हा पूर्वीसारखे पळायला लागले. कितीतरी लोक तोवर फोन बदलून मोकळे झाले असतील.

सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, माझ्या बॅटरीची क्षमता ७७ टक्क्यांवर आलीय. ८० च्या खाली गेली की बॅटरी बदलायला झाली असं धरतात. हे किती दिवसांत होतं ते चार्जच्या फेऱ्यांवर ठरतं. फेरी म्हणजे चार्जर लावण्याची वेळ नव्हे. आज निम्मी वापरली, उद्या निम्मी, मिळून एक फेरी. ॲपलच सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के राहतील अशा बनवल्यात, आणि १५ पासूनच्या १००० फेऱ्यांनंतर. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनसाठी निदान ८०० फेऱ्यांची अटच घातलीय. माझी रोजची जवळजवळ एक फेरी होते. चार वर्षांचा हिशेब मांडलास तर बिचारीने कामात कसूर केली असं म्हणवत नाही.

आता तू म्हणशील, बॅटरी बदलणं म्हणजे जुन्या घराला रंग देणं. असेल. शिवाय मला त्याची धास्तीही आहे. आधीच्या फोनमध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून स्वस्तातली बॅटरी बसवून घेतली होती. पाच महिन्यांनी फोन टेबलावर ठेवला की डुगडुगायला लागला. मला वाटलं टेबल वाकडं आहे. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडीसुद्धा घातली! मग एका सकाळी पडद्याच्या कडेला नखाएवढी फट दिसली. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि काच उचलत होती. या वेळी अस्सल बॅटरीच घेणार, काम जाणत्या माणसाकडूनच करून घेणार. फोन एकदा उघडला की पाण्या-धुळीपासूनचं संरक्षण पहिल्याइतकं राहीलच असं नाही, तेही माहीत आहे. चालेल. मी फोन घेऊन पोहायला जात नाही.

जागेच्या दोन नोंदींचं फारसं सांगण्यासारखं नाही. एका संध्याकाळी बसून दुसऱ्यांनी पाठवलेले व्हिडिओ पुसले, प्रश्न मिटला. वर फोन जरा चपळही झाला, कारण साठवण काठोकाठ भरली की नवं काही लिहायला तिला धावपळ करावी लागते.

राहिला हललेला फोटो. इथे मात्र मी खरोखर डळमळलो. भाची नुकतीच चालायला लागलीय. दिवेलागणीच्या वेळी ती भिंतीचा आधार सोडून चार पावलं माझ्याकडे आली आणि मी काढलेल्या फोटोत तिच्या जागी फक्त एक पिवळा पुसट डाग. असा क्षण परत येत नाही, आणि अशा वेळी माणसाला फोन बदलावासा वाटणारच. पण मग आठवलं, त्या दिवशी तुझ्या फोनवरही मी तिचेच फोटो काढले होते, तुझ्या लक्षात आलं असेल. तिचा चेहरा माझ्यापेक्षा चांगला आला, नाकारत नाही. पण मागच्या घड्याळाचे आकडे लख्ख आणि तिचा उचललेला हात मात्र तसाच धूसर. कमी उजेडात फोन झटपट बऱ्याच चौकटी टिपतो आणि त्या एकमेकींवर बसवून फोटो रचतो. भिंत, घड्याळ, खुर्ची हलत नाहीत, ती स्वच्छ होतात. पोर कुठे थांबतंय? दुसऱ्या दिवशी मी खोलीतले दोन्ही दिवे लावून माझ्याच फोनने फोटो काढला. तुला तो सोबत पाठवतोय. हात बघ.

आणि ते खोक्यावरचे २०० मेगापिक्सेल! नेहमीचा फोटो काढताना सोळा-सोळा बारीक पिक्सेल एकत्र करून एक मोठा बनवला जातो आणि हाती येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. कमी उजेडात त्याचा उपयोग होतो, फसवणूक म्हणत नाही मी. पण "२०० म्हणजे माझ्या ५० च्या चौपट" हा माझा हिशेब कच्चा होता.

पूर्वी फोन बदलण्यात जी मजा होती ती आता का राहिली नाही, याचाही विचार केला. २००७ च्या पहिल्या आयफोनला २ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, व्हिडिओ काढताच येत नव्हता, ॲप स्टोअर आलं ते पुढच्या वर्षी आणि व्हिडिओ २००९ च्या मॉडेलमध्ये. तेव्हा दोन वर्षांनी फोन बदलला की वेगळीच वस्तू हातात यायची. आता सादरीकरणात तासभर टाळ्या वाजतात आणि घरी आणलेला फोन खिशात गेल्यावर जुन्यासारखाच वागतो. तुझा सोडून, बरं का.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे पळवाट नाही. सुरक्षा अपडेट. माझ्या फोनला पाच वर्षांचा वायदा होता, त्यातलं एक वर्ष उरलंय. ते संपल्यावरही फोन चालेल, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करायला मी धजावणार नाही. म्हणजे बॅटरी बदलून मला वर्षभरच मिळतंय, जास्त नाही. आणि हे वर्ष मला हवंय. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस २४ ला सात-सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. पुढचा फोन घेताना मी कॅमेऱ्याआधी हा आकडा बघणार. त्यातही एक मेख आहे. ही वर्षं बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल स्वस्तात मिळालं म्हणून उड्या मारायच्या, तर त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

तेव्हा असं ठरलंय: येत्या आठवड्यात बॅटरी बदलणार आणि फोनचा विषय पुढच्या वर्षापर्यंत बंद.

असं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. मग आठवलं, तुझा आधीचा फोन कुठे आहे? "पडलाय ड्रॉवरमध्ये" असं तूच म्हणाला होतास. अरे, तो माझ्या फोनपेक्षा दोन वर्षांनी नवा आहे! २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो २२.३ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. ड्रॉवरमधले फोन कचऱ्यातही धरत नसावेत, ते नुसते अधांतरी. विकणार असशील तर विक, कुणाला द्यायचं कबूल केलं असशील तर प्रश्नच नाही. पण तसं काही नसेल तर त्याच्या बॅटरीची क्षमता किती टक्के उरलीय आणि अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार आहेत, एवढं बघून मला कळव. फुकट नको, रीतसर व्यवहार करू.

उत्तराची वाट बघतो. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
जुन्या फोनवाला

ता. क. उत्तर द्यायला उशीर होणार असेल तर तो फोन आधी निम्मा चार्ज करून बंद कर आणि मगच परत ड्रॉवरमध्ये टाक. अगदी रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की पुन्हा उठतच नाही, आणि काठोकाठ भरून ठेवली तरी लवकर म्हातारी होते. आणि हो, ड्रॉवर उघडल्यावर काच कडेने उचललेली दिसली तर चार्जर अजिबात लावू नकोस.